शनिवारचा जादा आकार

आकडा सांगण्याआधी मी नेहमी हात पुसतो.
स्वच्छ असले तरी पुसतो.
तेवढ्यात माणसं खुर्ची शोधतात,
नवरा असेल तर नवऱ्याकडे बघतात.

आयली कोस्केला कुणाकडेच बघत नाहीत.
बाहेर उणे सव्वीस.
डुलुथच्या चढावर त्यांचं घर,
खिडकीतून खाली सरोवर दिसतं,
आज त्यावरून वाफा निघतायत,
जणू तिथे खाली
कुणाचा तरी बॉयलर नीट चालू आहे.

यांचा, एकोणीसशे अडतीसचा.
ओतीव लोखंड, दोन म्हशींएवढा ऐवज.
आधी कोळसा खायचा, मग तेल, मग गॅस,
म्हातारपणी एकेक पदार्थ तोडलेल्या माणसासारखा.
काल रात्री पंप जळाला.
व्हॉल्व्ह अडकतो.
आणि मागच्या बाजूला, टॉर्च तिरका धरला तरच दिसेल
अशी केसाएवढी भेग,
तिच्याखाली चहाच्या रंगाचा ओघळ.

दोन हजार एकशे चाळीस, मी म्हणतो.
नवा घेतलात तर अकरा हजार.
भेगेचं मी काही करू शकत नाही,
तेही म्हणतो, थोडं हळू.

माझ्या हाताखालचा टोबियस
जिन्यावरून खुणा करतो: नवाच सांगा.
त्याचं बरोबर आहे.
पण नवा विकला तर मलाच जास्त सुटतात,
म्हणून जीभ रेटत नाही.

त्या वर जातात. कॉफीचा एक डबा घेऊन येतात.
डब्यात पावत्या.
राइनो कोस्केला गेले, त्याच्या आदल्या आठवड्याचीसुद्धा.
एक माझी, सत्त्याऐंशीची,
वेस्टगार्ड हे आडनाव तेव्हा मी
शेवटच्या अक्षरापर्यंत लिहायचो.
वॉशिंग मशीनच्या झाकणावर त्या बेरीज करतात,
पेन्सिलीने, हातचा वर टिपत.
"तेरा हजार दोनशे," त्या म्हणतात.
"आणि हे घर आम्ही साडेअकराला घेतलं होतं."
नाकापेक्षा मोती जड.
मला हसू येतं. त्यांना येत नाही,
मग येतं.

"किती दिवस काढेल?"
हा हिवाळा. कदाचित पुढचा.
या वयाची माणसं इथे हमखास एक विनोद करतात,
मी त्यासाठी चेहरा तयार ठेवतो.
त्या करत नाहीत.
म्हणतात, "मुलगा फिनिक्सला असतो.
तिकडे लोक गारव्यासाठी पैसे मोजतात.
घर घेणारा आल्या आल्या हे सगळं उपटून टाकणार.
त्याच्यासाठी मी अकरा हजार का जाळू?
पंप घाल. व्हॉल्व्ह घाल.
वरच्या दोन खोल्या बंद कर."

वरच्या खोलीत एक शिलाई मशीन,
आणि पलंगावर घड्या घातलेले पुरुषी स्वेटर.
रेडिएटरची चावी फिरवताना
मी उगाच त्याच्यावर तळहात ठेवला.
गारच होता. कालपासून गारच आहे.

चार तास लागले.
टोबियसने गुडघे मोडले, माझे आधीच मोडलेत.
पावणेतीनला ज्योत धरली,
मग पाइपांतून तो आवाज सुरू झाला,
ठक, ठक-ठक,
रागावून गेलेला माणूस परत येऊन
दार वाजवतो तसा. आधी स्वयंपाकघरात,
मग न्हाणीघरात.

बिल त्यांनी चष्मा बदलून वाचलं.
"शनिवारचा जादा आकार लावला नाहीस."
राहिला असेल, मी म्हणालो.
"लाव."
मी लावला. नव्वद डॉलर.
माझ्या अक्षरावर त्यांची नजर होती.

पावती डब्यात गेली. झाकण बसेना,
दोनदा दाबावं लागलं.

व्हॅनमध्ये बसल्यावर टोबियस हातांवर फुंकर मारत म्हणाला,
"यांना नवाच द्यायला हवा होता."
मी काच आतून खरवडत होतो.
आमच्या व्हॅनचा हीटर
दोन हिवाळे बंद आहे.
दुरुस्तीचा आकडा ऐकून आलोय मी.
त्या माणसाने सांगण्याआधी
हात पुसले होते.