उलटीकडून

सहलीचा अर्ज कानडीत द्यावा लागतो.
तो हेडबाई देतात. मी फक्त मुलं मोजतो.
एकतीस. सातवीची. वडगावातून
दोन टेंपोंत भरून कॅम्पात आणलेली.
डब्यात भाकरी, शेंगाचटणी,
आणि भरमाण्णा बिर्जेच्या खिशात
एक गोगलगाय, जिची मोजणी मी केली नव्हती.

संग्रहालय म्हणजे अंधशाळेच्या मागच्या दोन खोल्या.
दारावर पाटी.
मराठीची ओळ कुणीतरी रात्री डांबरानं झाकलेली,
पुढच्या महिन्यात कुणीतरी कानडीची.
आता नुसता बाण उरलाय,
आत जाणारा.

ईराप्पा हुद्दार दारातच उभे.
जन्मापासून दिसत नाही, हे त्यांनी सांगून टाकलं
जसं आपण सांगतो, मी चहा घेत नाही.
मग म्हणाले, पाटीच्या खाली हात लावा.
खाली पत्र्याची बोटभर पट्टी,
अंगावर पुरळ उठावं तसे ठिपके.
"हिला कुणी डांबर लावलं नाही.
हे लिहिलेलं हाय, हे कळाया पाहिजे की अगोदर."
ते हसले, मुलं हसली.
मी मुलं मोजली.

आत सहा कळांचं जडशीळ यंत्र,
आणि भिंतीशी टेबलावर जिल्ह्याचा नकाशा, हातानं वाचायचा.
मलप्रभा दोऱ्याची. घटप्रभा दोऱ्याची.
राज्याची हद्दही दोऱ्याचीच, जरा जाड,
खरं इतक्या वर्षांच्या बोटांनी झिजून
आता सगळे दोरे सारखेच.

क म्हणजे डाव्या अंगाला वर एक ठिपका, खाली एक,
मधलं घर रिकामं.
"हा मराठीतला?" शाकंभरी कामकरनं विचारलं.
"मराठीतला."
"मग कानडीतला?"
ईराप्पांनी तिचं बोट उचललं
आणि होतं तिथंच परत ठेवलं.
"आणि ळ?" "उजव्या अंगाला तीन. तोही एकच."
"इंग्रजीतला क पण?" "तो पण."
यावर मात्र भरमाण्णाचा विश्वास बसला नाही.

शाकंभरी म्हणाली, "सर, हे आमच्या घरात हाय की."
तिचे पप्पा मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतात,
भोकाभोकानं साडीच्या काठावर कोयरी उतरते.
"खरं आमचं भोक असतंय. तुमचा उंचवटा."
ईराप्पा थांबले. त्यांचा चेहरा तिच्याकडे वळला,
म्हणजे थोडा तिच्या डावीकडे.
"उंचवटा काय आपोआप येतोय काय?
मागनं टोचायचं. उजवीकडनं डावीकडं.
अक्षर उलटं धरायचं डोक्यात,
मग पान पालथं करायचं."
बाकीच्यांनी डोळे मिटून बघितलं, कुणी सांगितलं नसताना.
ती छताकडे बघत बोट फिरवत राहिली.

निघताना ईराप्पांचा हात सवयीनं नकाशावरून गेला
आणि खानापूरच्या पुढं थबकला.
बोट ओलं.
"ही नवी नदी कुणी काढली?"
गोगलगाय तोवर जाड दोरा ओलांडून
पार चंदगडाकडं पोचली होती.
भरमाण्णाला मी रागावलो.
ईराप्पा म्हणाले, राहू द्या, वाळूपर्यंत राहू द्या.

सोमवारी निबंध: माझी सहल, दहा ओळी.
तीस मुलांनी लिहिलं, सहल फार आवडली.
शाकंभरीनं दिलं कोरं पान,
कर्कटकानं टोचलेलं.
मी बोट फिरवलं. खरखर.
मराठी की कानडी, मला कळायची सोयच नाही.
वर्षानुवर्षं तपासनीस आल्यावर
मी भाषेच्या रकान्यात एका दमात लिहीत आलोय.

ओळी मोजल्या. दहा.
मोजता येतं मला.
लाल पेन उघडून बसलो,
बरोबरची खूण कुठल्या बाजूला करायची ते ठरेना,
टोचलं त्या, की उमटलं त्या.
मधली घंटा झाली.
पान पालथं ठेवलं
आणि मग आठवेना
पालथं म्हणजे कुठलं.