कोपर

स्टॉकटनच्या घरात दर नाताळाला
लोलो युसेबिओ, माझे आजोबा,
तोच जुना कृष्णधवल सिनेमा लावतात.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला म्हणतात, "थांबव."

पडद्यावर लिफ्ट.
ती रुसलेली, तो हॅट चुरगाळत उभा,
आणि डाव्या कडेला, पितळी बटणांच्या बाहीत
एक कोपर.
"हा मी."

बारा वेळा घेतला म्हणे तो शॉट.
भिंतीकडे बघ, चेहरा नको, दिग्दर्शक ओरडायचा.
लोलोंनी बारा वेळा भिंत पाहिली.
तिच्यावर रंगाचा एक ओघळ होता,
तो अजून त्यांना पाठ आहे.

मी चिडते. श्रेयनामावलीत
कुत्र्याचंसुद्धा नाव आहे, लोलो!
"कुत्रा गुणी होता," ते म्हणतात,
"पैसेही त्याला जास्त मिळाले."
आतून लोला रेमेदिओसचं हसू ऐकू येतं.
ती पहिल्यांदा बघायला गेली तेव्हा
सगळं थिएटर चुंबनाला टाळ्या देत होतं,
आणि हिने त्याआधीच वाजवली होती,
एकटीने, चार सेकंदांच्या कोपरासाठी.
पुढच्या रांगेतली बाई वळून बघत राहिली.

यंदा लोलोंचा हात थरथरतो,
रिमोट माझ्याकडे.
थांबवते.
"सगळ्यांना वाटतं, लिफ्ट बिघडली,"
ते पडद्याजवळ सरकतात.
"जरा मागे घे. आता बघ,
कोपर खाली जातंय.
दोन मजल्यांच्या मध्ये
त्यांना मी अडकवलं."