खालचा खण

सांतारेममध्ये नदी वर्षातून दोनदा येते.
एकदा पाणी होऊन, गल्लीत, फळ्यांच्या पुलाखालून.
आणि एकदा उतरून,
मागे पांढरी वाळू ठेवून.

जुरांदिर यांच्या दुकानात
अर्ध्या तासाचे पन्नास सेंताव्हो.
वरच्या खणात नावाजलेले गेम:
उड्या, मारामाऱ्या, गाड्यांच्या शर्यती,
बोटं लागून लागून लेबलं पांढरी पडलेली.
त्यांच्यासाठी पोरं हमरीतुमरीवर यायची.
हरला की उठायचं, हा कायदा.

खालच्या खणात ते,
ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे.
त्यांचा दर निम्मा.
माझ्याकडे निम्मेच असायचे.
आई धक्क्यावर गरम ताकाका विकायची,
तिच्या सुट्ट्या पैशांना सुक्या कोळंबीचा वास.

एका गेममध्ये नुसता टपालवाला, बर्फातला.
अक्षरं जपानी. पत्र कुणाचं, कुणाला, पत्ता नाही.
मी आपली दारं वाजवत जायचे.
एक बाई पत्र घेतलं की दिवा मालवायची.
मी ठरवून टाकलं, तिचा मुलगा मनाउसला पळून गेलाय.
जपानी बर्फात मनाउस!
पण मला अडवणार कोण होतं?

एकात तुम्ही वजनकाटा.
खरंच. बाजारातला वजनकाटा.
लोक येतात, खोटं बोलतात, तुम्ही झुकायचं
किंवा नाही झुकायचं.
मी शेवटपर्यंत पोचले.
शेवटी काही नव्हतं, बाजार उठला फक्त,
आणि कुणीतरी माझ्यावर गोणपाट टाकलं.

आणि एक राखाडी कॅसेट.
तिच्यावर जुरांदिर यांनी पेनाने लिहिलेलं: बिघडलेली.
सुरू केली की समुद्र.
काठावर पाठमोरा माणूस.
कुठलंही बटण दाबा, हलत नाही.
पोरं काढायची, फुंकर मारायची, परत लावायची,
तोच समुद्र, तीच पाठ,
दोन मिनिटांत शिवी घालून परत.

एका संध्याकाळी आईला उशीर झाला.
मी बटणं दाबून थकले आणि
नुसतीच बसले.
पंख्याचं पातं जाळीला घासत होतं.

अकराव्या मिनिटाला
पाणी मागे सरलं. एक रेघ.
मग आणखी एक.
आधी एक कौल वर आलं, मग छप्पर,
मग पायऱ्या, विहीर,
एका खिडकीत कुंडी, कुंडीत अजून पाणी.
आणि तो माणूस,
मी काहीच दाबलं नव्हतं,
चपला हातात घेऊन
खाली उतरायला लागला.

मी ओरडले नाही.
ओरडले असते तर रांग लागली असती.

मग रोजचं ठरलं:
अकरा मिनिटं वाट, एकोणीस मिनिटं गाव.
त्या गावात कुणी नव्हतं. शोधायचंही काही नव्हतं.
एका घरात चूल होती.
तिच्यापाशी उभं राहिलं की तो चपला खाली ठेवायचा,
एवढंच.

परवा बेलेंहून आले.
दुकानात आता मोबाईलची कव्हरं, चार्जर, काचा.
जुरांदिर यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू.
"रोझेनिल्डा? ती बिघडलेलीवाली?"
त्यांनी माळ्यावरून मशीन काढलं, वायरी झटकल्या.
"वहीत तुझंच नाव असायचं त्या कॅसेटपुढे.
मला वाटायचं, पोरीकडे पैसे नाहीत."
"नव्हतेच," म्हटलं.

आम्ही दोघं स्टुलांवर बसलो.
समुद्र. पाठ.
त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे,
बोलले काही नाहीत.

सहाव्या मिनिटाला एक पोरगा आला,
हेडफोन दाखवा म्हणाला.
जुरांदिर यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.
"थांब," म्हणाले,
"पाच मिनिटं राहिलीत."

पोरगा
खालच्या रिकाम्या खणावर टेकला.