लळिंगच्या कुरणात, हौशी गट

वयाच्या चौकटीत एक्कावन्न लिहिलं
तेव्हा नोंदणीवाला पोरगा पेन चावत म्हणाला,
मॅडम, हा पालकांचा रकाना नाही.
मला माहीत होतं.
सव्वीस वर्षं सिव्हिलच्या लॅबमध्ये
दुसऱ्यांच्या शिरा शोधते मी,
माझा रकाना मला सापडतो.

सायकल डॉक्टर कुवरांकडची, वापरलेली,
खड्ड्यात गेली की म्हाताऱ्या कुत्र्यासारखी हुंकारते.
पोटावर बिल्ला: एकशे अठरा.
चार पिनांपैकी एक वाकडी.

बायकांत आम्ही तिघी.
यावलची जमिला तडवी, पोलीस भरतीची तयारी करणारी,
पिंढऱ्या तेलघाण्याच्या लाटेसारख्या.
अहिररावांची मृण्मयी,
जिचा गॉगलच माझ्या सायकलच्या किमतीचा.
आणि मी.
म्हणजे नुसती पोचले तरी तिसरी,
असा हिशेब धुळ्यातूनच करून निघालेली.

शिट्टी.
पहिला किलोमीटर सगळ्यांच्या पाठी पाहिल्या,
दुसऱ्यात धूळ,
तिसऱ्यात धूळही बसलेली.
मग माझा श्वास, चेनची कुरकुर,
आणि टेकडीपलीकडे आग्रा रोडवरचे ट्रक,
कुणी लांबच लांब चादर फाडत बसल्यासारखे.

गवत कमरेएवढं, वाळून तांबूस.
कुसळं मोज्यातून आत, थेट घोट्याला.
सुई टोचताना मी रोज सांगते,
मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स.
खोटं असतं ते.
हे आज कळलं असं नाही,
आज पटलं.

खुणेला लाल कागदी फिती होत्या,
खैराला एक, पुढे हिवराला एक.
नवव्या किलोमीटरला फिती संपल्या.
तीन वाटा. एक नाल्यात उतरणारी,
एक किल्ल्याच्या अंगावर जाणारी,
एक कुठंच नाही.

तिथं ठेलाऱ्यांचा वाडा उतरलेला.
घोड्याच्या पाठीवर खाट, खाटेवर कोंबडी,
आणि मांडीवर कोकरू घेऊन एक बाई.
कोठे चालनी वं माय?
म्हटलं, लाल फीत दिसली का इथं?
तिनं हनुवटीनं बोकड दाखवला.
त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून
स्पर्धेचा उरलेला मार्ग लोंबत होता
आणि तो चघळत होता, निवांत,
एकेक वळण.

मी हसले ते खाली बसेपर्यंत.
तीही हसली, कशाला ते न विचारता.
मग मेंढीच्या दुधाचा चहा, दाट, धुराचा.
काय काम करस?
रक्त तपासते.
मेंढीनं तपासशी का?
म्हटलं, अजून कुणी आणली नाही.
अकरा मिनिटं गेली.
ती माझ्याच वेळेत धरली असतील,
धरू देत.

नाला डाव्या हाताला ठेव, म्हणाली.
ठेवला.
शेवटच्या उतारावर ब्रेक सोडले,
का सोडले विचारू नका.
तोंड उघडं राहिलं आणि सबंध लळिंग
दातांत आलं, करकरीत.

पोचले तर मांडवाचे बांबू टेम्पोत चढत होते.
शेवभाजीच्या टोपात नुसती तर्री.
मृण्मयीची चेन सहाव्यालाच तुटली,
गाडीतून घरी गेली, कळलं.
म्हणजे मी दुसरी.
हिशेब चुकला, तोही फायद्यात.

प्रमाणपत्रावर:
श्री. शैलेश देवरे, महिला गट, द्वितीय.
जमिला माझ्यासाठी थांबली होती, गळ्यात पदक,
हातात कागदी ताटली, माझ्या वाटणीची शेव झाकून.
तिनं पेन मागून घेतलं,
‘लेश’ खोडून ‘लजा’ केलं.
‘श्री’ राहू दिलं.

रात्री मागच्या टायरात काटा दिसला,
हिवराचा, मुळापर्यंत रुतलेला.
काढला की हवा जाणार.
राहू दिला.
आज चौथा दिवस.
ड्यूटीला निघताना अंगठ्यानं टायर दाबून बघते,
जशी शीर बघते तसं.
आहे अजून.