सेकंडचा माल

मी टॉवेल तपासते. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
चौदा वर्षं एकाच ट्यूबलाइटखाली.
तळहात फिरवला की कळतं
लूप दोन्ही अंगांनी उभे आहेत,
की नुसतीच खळ देऊन फुगवलीय वीण,
पहिल्या धुण्यात बसणारी.

रात्री नऊला लेक लावते ती मालिका.
मुंबईतलं कुरिअरचं ऑफिस, काचेच्या केबिनी,
आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आपल्या सोलापूरचा एक जण.
नाव चादरअण्णा.
दीडशे भाग झाले, आडनाव नाही.
आला की बॅगेतून चटणी काढतो, हशा.
'अय्यो' म्हणतो, हशा.
लिफ्टला नमस्कार करतो, मोठा हशा.

माझी सासू तेलुगूत भांडते,
मराठीत हिशेब करते,
दुधवाल्याशी मोडकं कानडी,
आणि देवापुढं गप्प बसते.
एवढ्या सगळ्यातून ह्यांनी उचललं काय,
तर अय्यो.

बाकीचेही तसलेच.
मारवाडी अकाउंटंट दिवसभर नोटा मोजतो,
नागपूरचा झोपतो,
मुश्ताक शेर म्हणतो, पगारवाढ कधी मागत नाही,
रिसेप्शनची पोरगी कायम आरशात.
मी शेंगा सोलत बसल्या बसल्या
हात फिरवते त्यांच्यावरून :
अडीचशे जीएसएम. पाणी धरत नाहीत.
एका अंगाला लूप, दुसरं सपाट.
सेकंड. सेकंड. हाही सेकंड.

लेक म्हणते, आई, कॉमेडी आहे ती.
असेल की. मलाही हसायचंच असतं,
दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आलेल्या असतात.

मागच्या मंगळवारी कॅन्टीनच्या टीव्हीवर
लागला होता त्यातलाच जुना भाग.
कॅन्टीन लूमशेडला चिकटून. चाळीस माग एकदम चालतात,
कानाशी ओरडलं तरी ओठ वाचावे लागतात.
हशा आलाच असेल.
आमच्यापर्यंत पोचला नाही.
नुसता तो दिसत होता.
फोन घेतला त्यानं. ऐकलं. ठेवला.
खुर्चीवरचा टॉवेल उचलला, उगाच,
किनार आत घेऊन तीन घड्या घातल्या
आणि अंगठ्यानं कड दाबली.

शाकेराबीनं चमचा खाली ठेवला.
तिच्या ओठांवर मी वाचलं :
ये तो अपना हात है गे.

तो नट कुठला, ठाऊक नाही.
लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं.
त्याच्या कागदावर असेल इतकंच,
'फोन येतो, गोंधळतो.'

त्याला सांगायचंय,
चटणी राहू दे बाबा, खातोच आम्ही.
पण एक आडनाव दे. म्याकल दे, येमुल दे.
सातची बस चुकू दे त्याची.
आणि एखादं पाप दे.
भोळा भोळा म्हणून किती वेळा धुशील,
विरला तो.

पाप सुचत नसेल तर माझं घे.
दिरानं जॉबवर विणलेला पहिलाच लॉट होता,
सातशे नग, कडेला तुटके धागे.
मी हात फिरवला. हाताला कळलं.
फर्स्टचा शिक्का मारला.
मल्लिनाथ सुपरवायझरनं बघितलं, बोलला नाही,
दिवाळीपर्यंत माझा ओव्हरटाइम
रोज अर्धा तास कमी लिहिला.
आम्ही अजून सकाळी एकमेकांना नमस्कार करतो.
हस आता.

आज नऊला टीव्ही लागला.
मी रिमोट घेऊन आवाज बंद केला.
'काय करलालीस गं आई?'
थांब जरा.
लिफ्टसमोर उभा आहे तो, एकटाच.
कुठल्या मजल्यावर जातोय, बघू दे.