रकाना क्रमांक सात

शाळा सुटल्यावर पाच ते साडेसात
मी सरकारची असते.
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत चारशे अकरा फॉर्म,
आंबिल ओढ्याच्या कडेची सगळी घरं माझ्या भागात.
पाऊल चुकलं की गटार,
रकाना चुकला की वरून फोन.

केराबाई शेंडगे दारातच बसलेली,
दिवसभराचा माल निवडत.
पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा, पुठ्ठा वेगळा,
भिजलेला वाळत घातलेला विटांवर.
"पांढऱ्याला भाव जास्ती," ती म्हणाली,
"लिव्हलेला असला तरी चालतो."

जन्मतारीख?
"सुकडी मिळायची त्या साली."
महिना?
"खडी फोडत होते. रस्ता करमाळ्याला चाललेला.
आई हातोडा ठिवून आडोशाला गेली
आन् मला घेऊन परत हजेरीला आली."
बहात्तर-त्र्याहत्तर, मी पेन्सिलीनं लिहिलं.
पेन्सिल चालत नाही, हे मला माहीत होतं.

पुरावा म्हटल्यावर ती उठली,
शिट्टी नसलेला कुकर घेऊन आली.
ओढा घरात शिरला त्या रात्रीपासून
तिचे कागद कुकरमध्ये राहतात.
झाकण घट्ट बसतं.
रेशनकार्डावर केराबाई,
आधारवर किराबाई,
वीजबिलावर अजून मेलेला नवरा,
आणि मतदार ओळखपत्रावर एक भलतीच बाई.
"फोटूच्या टायमाला ऊन डोळ्यात होतं."

सगळे कागद सांगत होते, ही इथं राहते.
सातवा रकाना विचारत होता, ही इथली कशावरून.
जन्माचा कागद द्या, नसेल तर आईबापाचा.
आईचा अंगठा होता मस्टरवर.
मस्टर कुठल्या कचेरीत, कुठल्या वाळवीच्या पोटात,
ते मी कुणाला विचारू?

तिनं डाव्या हाताची तर्जनी पुढं केली.
"इथं शाई लावायचे तवा
कुणी न्हाई इचारलं."
नखाशी काळं होतं,
पण ते आजच्या कामाचं.

मग पुठ्ठ्याला सुतळी बांधता बांधता म्हणाली,
"सहकारनगरला कचरा उचलते म्या.
एकदा रद्दीत दाखला निघाला, जन्माचा,
शिक्क्यासकट. कुण्या अन्वय नावाच्या पोराचा.
चार जिने चढून परत दिला.
त्यांनी मला पाणी इचारलं.
तवा कळलं न्हाई बाई,
काय चीज हातात व्हती."

पलीकडच्या खोलीत तरन्नुम,
अठरा पूर्ण, पहिलंच मत.
तिच्याकडे सगळं आहे,
ससूनचा दाखला, तोही लॅमिनेट केलेला.
तरी तिची आई
मला ओढ्यावरच्या पुलापर्यंत सोडायला आली
आणि तीनदा विचारलं,
"एवढं पुरेल ना, मॅडम?
एवढंच लागतं ना आम्हाला?"
'आम्हाला' जरा हळू म्हणाली.

रात्री जेवणं झाल्यावर
मी माझंच कपाट उघडलं. उगाच.
शाळेच्या दाखल्यावर हेमलता परचुरे,
पगाराच्या चिठ्ठीवर मृदुला आगटे.
मधे एक ताट आहे तांदळाचं,
अंगठीनं त्यात कोरलेलं नवं नाव,
आणि हसणाऱ्या पंधरा-वीस बायका.
त्यांतल्या साक्षीला किती उरल्या?
तांदळाचा भात
दुसऱ्याच दिवशी झाला असणार.
नवरा म्हणाला, "तुला कोण विचारतंय?"
खरंच आहे.
मी दिवा मालवला,
झोप लागायला मात्र दोन वाजले.

मंगळवार शेवटची तारीख.
केराबाईचा फॉर्म पिशवीत सगळ्यात वर,
सातव्यात पेन्सिल.
साहेबांना विचारलं, ते म्हणाले, "शेरा लिहा."
काय लिहू, ते सांगितलं नाही.

मधल्या सुट्टीत ती शाळेतच आली,
दंडाची पट्टी पाडून. म्हणजे रोजाची.
कागद सुटे आणले तर हरवतील,
म्हणून अख्खा कुकरच काखेत.
तिसरीच्या मुलांना वाटलं खिचडी.
ताटल्या घेऊन
ती तिच्यापुढं रांगेत उभी राहिली.