पिवळं

आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा
उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायचा.
म्हणून लोकेशची अंडी उकडायची ती गोठ्यामागे,
तीन विटांवर, चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यात.
बुडाला आईनं खिळ्यानं फुली कोरलेली,
चुकून कुणी त्यात दूध तापवू नये.

सहा. रोज सहा.
मुबारक तडवीच्या दुकानातून मीच आणायचे,
पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवून.
सावद्याच्या अख्ख्या पेठेला माहीत होतं
कोथिंबिरीखाली काय आहे ते.
कोथिंबीरवालीलाही.

आईनं जन्मात अंडं चाखलेलं नाही,
शिजलं की नाही ते तिला कळणार कसं?
तिनं कान लावला.
आधी गप्प असतात, म्हणाली,
मग हिवात दात वाजावेत तशी वाजतात एकमेकांवर,
मग पाण्याचा आवाज जाड होतो.
जाड झाला की उतरवायचं.
एकही कधी कच्चं निघालं नाही.
नाकाला पदर, एक हात कमरेवर,
जणू शेजारणीच्या पोरासाठी उकडतेय.

भंगाळे सरांच्या जिमच्या भिंतीवर रंगवलेलं:
पांढऱ्यात प्रोटीन, पिवळ्यात चरबी.
बाबा विचारायचे, "प्रोटीन म्हंजे काय रे भो?"
केळीचे घड वाहून वाहून
त्यांच्या खांद्यावर एक गाठ आलेली, लिंबाएवढी,
कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर पोसलेली.
तिचे ग्रॅम कुणी मोजले नव्हते.
लोकेश त्या गाठीकडे बघायचा नाही.
त्याला आरसा पुरायचा.

सोलायचं काम माझं.
तो पांढऱ्या वाट्या एकामागून एक तोंडात टाकायचा,
डोळे मिटून, काढा घ्यावा तसा,
मीठसुद्धा नाही.
ताटलीत सहा पिवळे गोळे उरायचे.
"मांजरीले टाकून दे."

मांजरीला एक टाकायचे.
चौदा वर्षांची होते,
शाळेत तपासणीला आलेल्या बाईंनी
पापणी ओढून बघितली होती माझी
आणि नुसतंच च् केलं होतं.
पहिल्या दिवशी घशात बसलं, पिठासारखं,
कडेला राखाडी रेघ.
दुसऱ्या दिवशी फ्रॉकच्या खिशात ठेचा नेला, कागदात.
मग काय सांगू.
मे महिना, समोर सातपुडा धुरकट झालेला,
म्हैस रवंथ करतेय,
आणि मी गोठ्याच्या हातभर सावलीत
पाच सूर्य खातेय, तिखट लावून.

आई बघायची.
बघायची आणि पातेलं घासत बसायची राखेनं,
नको तितका वेळ.
बोलली नाही कधी.
फक्त एका सकाळी सात अंड्यांचे पैसे दिले.
मोजायला चुकली असेल, म्हटलं.
दुसऱ्या दिवशीही सात.
सातव्याचं पांढरं कुणी मागितलं नाही.

लोकेशचे दंड आले. खोटं कशाला बोलू, छान आले.
लग्नाच्या अल्बमात आहेत.
आता भुसावळला त्याचं मोबाईलचं दुकान आहे,
काउंटरखाली वाकला की धाप लागते.

मी फैजपूरच्या दवाखान्यात असते, रात्रपाळीला.
नव्वद किलोचा माणूस कुशीवर वळवते एकटीनं,
वॉर्डबॉय चहा संपवून येईपर्यंत.

गेल्या पोळ्याला बाबा अंगणात पडले.
लोकेशला फोन लागेपर्यंत
मी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं होतं.
त्यांचा खांदा माझ्या हनुवटीला लागला,
गाठ अजून तिथंच, जरा मऊ झालेली.

आई दारात. आली जवळ,
माझा दंड दाबून पाहिला दोन बोटांनी,
कणीक मुरली का बघावी तसा.
पदर नाकाला नव्हता.
म्हणाली,
"थे मांजर त बारीकच राह्यलं वं
शेवटलोक."